तिसऱ्या खेपेचा होकार

फिन्टन डेव्होय रोज सकाळी पावणेअकराला अकरा पायऱ्या उतरून किल्ल्याखालच्या तुरुंगात जातो. जाताना दाराशी मान वाकवतो. पाचशे वर्षांपूर्वीची माणसं बुटकी होती म्हणून ते दार ठेंगणं आहे, की उंच माणसाला वाकायला लावायचं म्हणून, हे बालीहॅरन गावात कुणालाच माहीत नाही. सहलींना आम्ही दोन्ही सांगतो.

खाली गेला की तो अंगावर गोणपाट चढवतो, पायात बेडी अडकवतो आणि पेंढ्यावर बसून पहिल्या सहलीची वाट बघतो. बेडी खरी आहे. शेजारच्या गावच्या लोहाराने घडवली, कुलूपही त्यानेच दिलं. किल्ली मात्र फिन्टनच्याच खिशात असते. "कैदी कोंडलेला आणि किल्ली त्याच्याच खिशात, म्हणजे लग्नच की रे हे," असं तो लोहार म्हणाला होता. फिन्टनचं लग्न झालेलं नाही.

मी तिकिटाच्या खिडकीत बसते. खिडकी तळमजल्याच्या दालनात आहे आणि माझ्या खुर्चीपासून तीन हातांवर जमिनीत एक लोखंडी जाळी आहे. पूर्वी कैद्यांना त्या भोकातून खाली सोडायचे. आता त्यातून फिन्टनचा आवाज वर येतो. बावीस वर्षं मी त्या आवाजावर पाय ठेवून बसले आहे.

त्याचा खेळ ठरलेला आहे. गाईड पोरांना गजांसमोर उभं करते आणि विचारायला लावते, "कैद्या, कैद्या, बाहेर यायचंय का?" तो म्हणतो, "नको रे बाबांनो, इथे ऊब आहे." पोरं हसतात. पुन्हा विचारतात. तो म्हणतो, "नको, उंदीर एकटे पडतील." पोरं आणखी हसतात. तिसऱ्यांदा सगळी ओरडतात, भिंतींतून माती झडेल इतक्या जोरात, आणि तो एकदम गज धरून म्हणतो, "हो! काढा मला!" मग पोरं दाराला बांधलेला दोर ओढतात, दार करकरत उघडतं, तो धडपडत बाहेर येतो आणि टाळ्या पडतात. हा खेळ त्याला कुणी लिहून दिलेला नाही. त्याला तसंच सुचलं. आमच्यापैकी कुणालाही तसंच सुचलं असतं.

सव्वाबाराला तो वर येतो, गोणपाटासकट, आणि माझ्या खिडकीला टेकतो.

"चहा घेणार का रे?"

"नको गं. सकाळी घेतलाय."

मी किटलीचं बटण दाबते.

"अर्धा कप घे."

"नको, गोरेटी. तुझी कामं पडलीत, कशाला उगीच."

किटली गुरगुरायला लागते.

"घे की मेल्या. टाकलाच आहे मी."

"बरं, टाकलाच असशील तर थेंबभर दे."

थेंबभर म्हणजे मोठा मग, दोन चमचे साखर आणि माझ्या डब्यातल्या स्कोनचा, म्हणजे गोडसर पावाचा, मोठा अर्धा भाग. किटलीला उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ त्याच्या दोन नकारांना लागतो. चार किटल्या बदलल्या, हिशेब बदलला नाही.

तुरुंगात तो गेला तोही असाच. सव्वीस वर्षांपूर्वी तो किल्ल्यावर गवत कापायचा, गटारं साफ करायचा, बुरुजावरचे कावळे हाकलायचा. पहिलाच कुटुंबमेळा होता. हिरवळीवर हवा भरून फुगवलेला रबरी किल्ला उभा केला होता, पोरांचे गाल रंगवायला दोन बायका आल्या होत्या, आणि कैदी व्हायला बोलावलेला नट आलाच नाही. तेव्हाचा मॅनेजर आमच्याच भागातला, जाडजूड, जुन्या वळणाचा माणूस. त्याने फिन्टनला विचारलं, "आजचा दिवस खाली बसशील का?" फिन्टन म्हणाला, नको, मला जमणार नाही. मॅनेजरने एक सिगारेट ओढली आणि पुन्हा विचारलं. फिन्टन म्हणाला, माझ्याहून चांगली माणसं आहेत. मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, जा की."

फिन्टन गेला. तो एक दिवस अजून संपलेला नाही.

खाली ओल आहे. उन्हाळ्यातसुद्धा हात लावला तर भिंत घामेजलेली लागते, ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखी. या कामाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी त्याला खोकला लागला. पहिल्या दिवशी तो खेळाच्या मध्येच खोकला तेव्हा पोरं भेदरून गप्प झाली, आणि नंतर त्यांचे आईबाप मला खिडकीशी येऊन म्हणाले, "काय खोकतो हो! अगदी खरं वाटतं." इंटरनेटवर लोक लिहितात, जेवणाची सोय बेताची आहे, पण कैद्यासाठी तरी जाच. डॉक्टरने त्याला सांगितलं की त्या भोकातून बाहेर पड. फिन्टन त्याला "बघू" म्हणाला.

त्याची खरी जागा मागची बाग. तिलाही चार भिंती आहेत, माणसाच्या दुप्पट उंचीच्या, पण वर आभाळ आहे. जेवणाच्या सुट्टीत तो दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला पाठ लावून बसतो, डोळे मिटून. तिथली सफरचंदाची झाडं भिंतीवर हात पसरून बांधलेली आहेत. माळी क्रिस्टी म्हातारा झाल्यापासून त्यांची छाटणी फिन्टनच करतो, पण क्रिस्टीच्या नावावर. कुठल्या झाडाला कोणत्या वर्षी गारांनी मारलं, कोणत्या फांदीने दोन वर्षं रुसून तिसऱ्या वर्षी फळ दिलं, हे तो माझ्या खिडकीशी चहा पिताना सांगतो. पिकलेलं सफरचंद हातात घेऊन तो आधी कानाशी हलवतो, आत बिया वाजतात का बघतो. त्या वेळी खोकत नाही, हे मी पाहिलं आहे.

यंदा ऑक्टोबरमध्ये क्रिस्टीच्या खुब्याचं हाड बदललं आणि त्याने काम सोडलं.

आताची मॅनेजर आनेलीस. हॉलंडची आहे, चौतिशीची, आठ महिने झाले येऊन. सरळ बाई. तिच्या टेबलावर एका वेळी एकच कागद असतो. हॅलोवीनच्या आठवड्यातल्या सोमवारी, दोन सहलींच्या मधे, ती स्वतः अकरा पायऱ्या उतरून खाली गेली. मी जाळीतून ऐकलं.

"फिन्टन, क्रिस्टी जातोय. बागेचं काम तुम्हाला हवं आहे का? पगार तोच राहील. एक नोव्हेंबरपासून."

मी हातातली नाणी खाली ठेवली.

"छे छे," फिन्टन म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं. तरुण माणसं आहेत की कितीतरी."

"नक्की?"

"नक्की, नक्की."

"छान. स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे," असं म्हणून ती वर आली आणि माझ्याकडे बघून हसून निघून गेली.

सव्वाबाराला फिन्टन आला तो अंगावरची दहा वर्षं धुऊन आल्यासारखा.

"गोरेटी, तिने विचारलं!"

"ऐकलं मी."

"स्वतः खाली आली. आजवर कुणी मॅनेजर खाली आला होता?"

"तू नको म्हणालास ना?"

"मग? झटदिशी हो म्हणू? हपापल्यासारखं?" तो चहाचा पहिला नकार द्यायलाही विसरला होता; मग आठवून म्हणाला, "आणि नको हं, चहा नको मला."

मंगळवारी सकाळी सूचनाफलकावर कागद लागला. माळी हवा. अर्ज शुक्रवारी दुपारी चारपर्यंत. फिन्टनने तो नाक लावून वाचला.

"नियमासाठी लावावा लागतो तसा कागद," तो म्हणाला. "मंगळवारी तिला ढीगभर कामं. उद्या विचारेल."

बुधवारी तिने विचारलं नाही. गुरुवारी सकाळी ती हिरवळीवर रबरी किल्ल्याची जागा आखत होती. फिन्टन गोणपाट काखेत मारून तिच्या वाटेवर उभा राहिला. ती म्हणाली, "सुप्रभात, फिन्टन." तो म्हणाला, "जमीन मऊ आहे, खुंट्या लांब घ्या." तिने वहीत तसं लिहून घेतलं. तो अजून थोडा वेळ उभा राहिला. मग पायऱ्या उतरून खाली गेला.

त्या दिवशी खोकला सकाळपासून होता.

"जा आणि सांग तिला," मी चहाच्या वेळी म्हणाले. "तोंड आहे ना तुला?"

"काय सांगू?"

"मला बाग हवी."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला चौकात कपडे उतरवायला सांगितलं होतं.

"मागून घ्यायचं? मग क्रिस्टी काय म्हणेल? गाव काय म्हणेल? फिन्टन डेव्होय पुढे पुढे करतो. आई म्हणायची, मागून घेतलेला घास अंगी लागत नाही."

"तुझी आई गेली, देव तिला शांती देवो. तुझी छाती अजून आहे. फॉर्म आणून देते, नाव तेवढं लिही."

"फॉर्मवर काय विचारलंय ठाऊक आहे?" त्याचा आवाज उतरला. "या कामासाठी तुम्हीच योग्य का, ते दहा ओळींत लिहा. स्वतःबद्दल दहा ओळी, गोरेटी! बापाच्या थडग्यावर सुद्धा आम्ही दोन लिहिल्या."

मला एक जुनी गोष्ट आठवली होती. आम्ही दोघं बाविशी-तेविशीत असताना गावच्या हॉलमधल्या नाचात बायकांनी जोडीदार निवडायची पाळी आली आणि मी फिन्टनकडे गेले. तो म्हणाला, मला नाचता येत नाही. मी पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, तुझे पाय तुडवीन. तिसऱ्यांदा विचारायला मी तोंड उघडलं आणि वाजंत्र्यांनी राष्ट्रगीत धरलं. नाच संपला की ते वाजतंच. सगळा हॉल ताठ उभा राहिला, आम्हीही, हातभर अंतरावर, समोर बघत. पुढच्या महिन्यात मला शॉनी किनाहनने विचारलं. त्याला मी तिसऱ्या खेपेला हो म्हणाले. चांगला होता शॉनी. आठ वर्षं झाली जाऊन.

संध्याकाळी खिडकी बंद करून मी आनेलीसकडे गेले.

"फिन्टनला बाग हवी आहे."

"नाही," ती म्हणाली. "मी विचारलं होतं. ते नको म्हणाले."

"ते पहिलं नको होतं."

तिने पेन खाली ठेवलं. "किती असतात?"

"दोन. तिसऱ्यांदा विचारलं की हो."

"आणि खरंच नको असलं तर?"

"तर तिसऱ्यांदाही नको म्हणतो."

"म्हणजे ज्याला नकोय त्यालाही मी तीनदा छळायचं? गोरेटी, माझ्या हाताखालचा माणूस नको म्हणाला की पुन्हा विचारणं म्हणजे दडपण आणणं. मला ते शिकवलंय. ज्याला हवंय त्याने पहिल्यांदाच का नाही सांगायचं?"

घरात सहा पोरं आणि चार बटाटे असतात तेव्हा पाहुण्याला पहिल्यांदा विचारतात ती रीत असते. दुसऱ्यांदा विचारतात ती लाज. तिसऱ्यांदा विचारलं तरच कळतं की पातेल्यात खरंच काहीतरी आहे. पण हे तिच्या स्वच्छ टेबलापुढे कसं मांडायचं?

"तुम्ही आलात त्या आठवड्यात मी तुम्हाला जेवायला बोलावलं होतं," मी म्हणाले.

"हो. आणि मी लगेच हो म्हणाले."

"लोक अजून बोलतात त्याबद्दल."

ती लाल झाली, मग हसली. "बरं," ती म्हणाली. "उद्या पुन्हा विचारते. पण मला शब्द हवा, गोरेटी. हो किंवा नाही. 'बघू' मला कागदावर लिहिता येत नाही."

घरी जाताना मला वाटलं की झालं काम.

शुक्रवारी मेळा होता. सकाळपासून गाड्या. पोरं चेटकिणी, सांगाडे, वटवाघळं होऊन आलेली. चहाघरात मनुकांच्या पावाचे तुकडे वाटत होते आणि पावात लपवलेली नशिबाची अंगठी कुणाच्या तुकड्यात येते म्हणून आया पोरांच्या आधी चावत होत्या. रबरी किल्ला एका बाजूला कलला होता, लांब खुंट्या असूनही. फिन्टन सकाळपासून नऊ वेळा सुटला होता. मी जाळीतून मोजत होते.

अडीच वाजता आनेलीस खाली उतरली. मी खिडकीवर 'पाच मिनिटांत येते' ही पाटी लावली आणि जाळीशी गुडघ्यावर बसले.

"फिन्टन, मी दुसऱ्यांदा विचारतेय. गोरेटीने मला समजावून सांगितलं. तुम्हाला बाग हवी आहे का?"

माझं नाव तिने घ्यायला नको होतं. वरून मला त्याचं टक्कल दिसत होतं, आणि मान. ती मान हळूहळू लाल होत गेली.

"तिला काय, बोलायची सवय," तो म्हणाला. "नको हो. तुम्ही दुसरं कुणी बघा."

"आणि आता तिसऱ्यांदा विचारते," आनेलीस लगेच म्हणाली, श्वाससुद्धा न घेता. "तुम्हाला बाग हवी आहे का?"

असं नसतं विचारायचं. मधे सिगारेट ओढायची असते. हवापाण्याचं बोलायचं असतं, खांद्यावर हात ठेवायचा असतो. तिने तीनही प्रश्न एकावर एक ठेवून दिले होते, दुकानात डबे रचतात तसे, आणि वर तिचं घड्याळ टिकटिकत होतं. तरीही तिसरा तो तिसराच. बोल, मी मनात म्हणाले. बोल रे बाबा. मी जाळीचे गज धरले होते. गार होते.

फिन्टनने तोंड उघडलं.

"बघू," तो म्हणाला.

"म्हणजे हो?"

"म्हणजे... बघू."

आनेलीस थांबली. खरंच थांबली; तिच्यावर मला ठपका ठेवता येत नाही. पण तेवढ्यात पायऱ्यांवर बुटांचा गडगडाट झाला. शाळेची बस आली होती, चाळीस पोरं. गाईड ओरडत होती, भिंतीला धरा, सहावी पायरी उंच आहे. आनेलीस कोपऱ्यात सरकली. गज बंद झाले, दोर अडकला, फिन्टन पेंढ्यावर बसला.

"कैद्या, कैद्या, बाहेर यायचंय का?"

"नको रे बाबांनो, इथे ऊब आहे."

"कैद्या, कैद्या, बाहेर यायचंय का?"

तो खोकला. बराच वेळ खोकला. पोरं वाट बघत उभी राहिली. "नको," तो म्हणाला. उंदरांचं पुढचं म्हणालाच नाही.

मग चाळीस गळ्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. जाळी माझ्या हातात थरथरली. पोरं गप्प झाल्यावर तो बोलला तेव्हा तो आवाज कैद्याचा नव्हता. गज धरून, पोरांच्या डोक्यांवरून, कोपऱ्यातल्या बाईकडे बघत तो हळूच म्हणाला, "हो. यायचंय मला. बाहेर काढा."

इतका हळू की एक लहान चेटकीण रडायला लागली.

मग कुणीतरी दोर ओढला, दार करकरलं आणि टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या आनेलीस वाजवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

चारला दहा कमी असताना मी तिच्या खोलीत गेले.

"तो हो म्हणाला," मी सांगितलं.

"कधी?"

"आत्ता. खाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर."

"मला बघू म्हणाले, गोरेटी."

"पोरांनी विचारलं तेव्हा. तुमच्याकडे बघून."

ती माझ्याकडे मायेने बघत राहिली. "तो खेळ होता," ती म्हणाली. "आणि काय सुंदर केला आज! मी अक्षरशः रडले. खरं सांगते, हे बघितल्यावर त्यांना तिथून हलवायला माझाच हात धजणार नाही. कोण करेल असं?"

तिच्या टेबलावर एकच कागद होता. कार्लो गावच्या एका बाईंचा अर्ज. दहा ओळी, सरळ अक्षर, आणि पहिलंच वाक्य होतं की मला हे काम मनापासून हवं आहे.

मी खिडकीत परत आले. शेवटची सहल संपली होती. हिरवळीवर रबरी किल्ल्यातली हवा सोडत होते आणि त्याचे बुरुज एकेक करून आत वाकत होते. फिन्टन वर आला. गोणपाट अंगावरच होतं. खिडकीला टेकला आणि बराच वेळ जमिनीतल्या जाळीकडे बघत राहिला.

"कार्लोची बाई आहे," मी म्हणाले. "शिकलेली आहे म्हणे."

"छान," तो म्हणाला. "शिकलेली बरी. भिंतीजवळच्या झाडांना आता हात लावू नको म्हणावं तिला. छाटणी जानेवारीत."

"सांगते."

दालनात कुणी नव्हतं. बाहेर कुठेतरी एक पोर हरवलेल्या शेपटीसाठी रडत होतं.

"चहा घेणार का रे?" मी विचारलं.

"हो," फिन्टन म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. मग किटलीकडे. बटण दाबलेलंच नव्हतं. पाणी गार होतं. मी ते दाबलं, आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, ते उकळायची वाट बघत.